तीन रिकाम्या बॅगा

शनिवारी दुपारी बारा वाजून पाच मिनिटांनी शंतनू घाडीगावकरने आपल्या सख्ख्या वडिलांना ‘थँक यू, काका’ म्हटलं, दाराबाहेर काढलेले बूट घातले आणि तो लालबागच्या चाळीचा जिना उतरला.

असं काही झालेलं नाही, असं धरून चालू.

त्या सकाळी तो परळच्या टॉवरमध्ये, एकतिसाव्या मजल्यावर, गुडघे टेकून बसला होता आणि एका रिकाम्या सुटकेसच्या मुठीला विमान कंपनीची पट्टी पुन्हा चिकटवत होता. पट्टी अकरा दिवसांपूर्वीच फाडली होती. नऊ वर्षांच्या मनवाने ती गोष्टीच्या पुस्तकात खूण म्हणून ठेवली होती, म्हणून वाचली.

“तारीख दिसतेय तिच्यावर,” त्याची बायको अनुजा म्हणाली.

“बाबा चष्म्याशिवाय वाचत नाहीत.”

“आणि चष्मा लावला तर?”

शंतनूने थुंकी लावून तारखेवर अंगठा घासला. बाविसातला एक दोन गेला. दुसरा जाईना.

बेत असा होता : रविवारी सकाळी तीन रिकाम्या बॅगा टॅक्सीत टाकायच्या, टॅक्सी आधी शीवपर्यंत न्यायची, तिथून वळवायची, म्हणजे ती बरोबर विमानतळाच्या दिशेकडून लालबागला येईल. मग चाळीसमोर उतरून, दमलेले चेहरे करून, वर जायचं. मनवाला याची तालीम देऊन झाली होती. तिला फक्त जांभया द्यायच्या होत्या.

हे सगळं एका सिग्नलमुळे झालं होतं. रॉटरडॅमच्या कंपनीने शंतनूला तीन वर्षांसाठी मुंबईला पाठवलं, आणि कागदोपत्री तो ‘परदेशी कर्मचारी’ असल्यामुळे त्याला घ्यायला विमानतळावर त्याच्या नावाची पाटी आणि गाडी आली. पहाटेची वेळ होती. कंपनीने दिलेला फ्लॅट परळच्या टॉवरमध्ये, पण त्याच्या गेटकडे लालबागवरून वळसा घालून जावं लागायचं. गाडी लालबागच्या नाक्यावर आली. तिथून डावीकडे वळलं की चाळ. सिग्नल हिरवा होता. त्या नाक्यावर वाढलेल्या शंतनूने तो सिग्नल हिरवा असल्याचं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. ड्रायव्हर थांबला नाही, आणि शंतनूने थांबवलं नाही. मनवा झोपली होती. चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला, तोही बसका. दोन तास झोपू, अंघोळी करू, संध्याकाळी जाऊ, असं त्याने ठरवलं.

संध्याकाळी लक्षात आलं की आता जाता येणार नाही. वसंतरावांच्या, म्हणजे त्याच्या वडिलांच्या, घरात फारसे नियम नव्हते, पण एक होता : परगावाहून आलेल्या माणसाने आधी घरच्या देवाला नमस्कार करायचा, मग बाकीचं जग. मिलच्या सहलीवरून परतलेले स्वतः वसंतराव एकदा नाक्यावर भेटलेल्या सख्ख्या भावाशीही बोलले नव्हते, आधी वर गेले, देवाच्या पाया पडले, मग खाली येऊन त्याला म्हणाले, “हां, बोल आता.” अशा माणसाला, आम्ही आधी दुसरीकडे झोपलो, हे कसं सांगायचं?

म्हणून शंतनूने फोन केला आणि सांगितलं की तिकीट पुढे गेलंय. मग रोज संध्याकाळी साडेसातला, बाल्कनीचं दार लावून, तो रॉटरडॅमहून फोन करत राहिला. तिकडची हवा तो मोबाइलवर बघून सांगायचा. यात तो प्रामाणिक होता.

मधल्या काळात कंपनीने त्यांना मुंबई शिकवायला घेतली. त्यासाठी प्रिती नावाची मुलगी नेमलेली होती. पहिल्या दिवशी तिने त्यांना रस्ता कसा ओलांडायचा ते शिकवलं. शंतनूने सांगितलं, आम्ही मराठीच आहोत. ती म्हणाली, “ओ नाइस! पण सर, मुंबई वेगळी आहे.” दुसऱ्या दिवशी भेंडी कशी मोडून बघायची ते झालं. मग गेटवे, राणीची बाग, माहीमचा कोळीवाडा. प्रत्येक ठिकाणी तिने त्यांचा तिघांचा फोटो काढला आणि वहीवर शंतनूची सही घेतली. आता मी इथलाच आहे म्हणून सांगायला फार उशीर झाला होता. त्याला रस्ता ओलांडल्याचं सर्टिफिकेट मिळालं होतं.

शनिवारी कार्यक्रमपत्रिकेत गिरगाव होतं. ‘जुनी वस्ती, जुनी माणसं’.

“गिरगावात रस्ता खणलाय,” गाडीत बसता बसता प्रिती म्हणाली. “पण नो टेन्शन. सेम फील देणारी एक चाळ इथेच पाच मिनिटांवर आहे. तिथले एक काका ना, इतके स्वीट आहेत! आत येऊ देतात, पाणी देतात.”

स्वीट या शब्दामुळे शंतनूला धीर आला. हे काका म्हणजे आपले वडील नक्कीच नव्हते.

गाडी नाक्यावरून डावीकडे वळली, तेव्हा अनुजाने त्याच्याकडे पाहिलं.

“सांग तिला,” ती हळू म्हणाली.

“काय सांगू?”

“काहीही सांग. पोट बिघडलंय म्हण.”

“पोट बिघडलंय,” शंतनू म्हणाला.

“सर, काकांकडचं पाणी उकळलेलं असतं,” प्रिती म्हणाली, आणि गाडी थांबली.

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत वसंतराव स्टुलावर बसून लसूण सोलत होते. बंडी, पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा. सात वर्षांत ते थोडे आखूड झाले होते. प्रितीचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली. हातातली पाकळी अर्धी सोललेली राहिली. त्यांनी ती वाटीत ठेवली, बोटं बंडीला पुसली आणि उठले.

“काका, गेस्ट आणलेत! परदेशातून आलेत.”

“या,” वसंतराव म्हणाले. “या, या. थांबा पण. उंबऱ्याच्या आत नका येऊ अजून.”

ते आत गेले. भांड्यांचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा एका हातात पाण्याचा पेला होता आणि दुसऱ्यात पावाचा तुकडा. त्यांनी तो तुकडा तिघांवरून ओवाळला, एकदा, दोनदा, तीनदा. मग पाण्यात बोट बुडवून मनवाच्या डोळ्यांना लावलं, अनुजाच्या लावलं, आणि शंतनूच्या लावलं. तुकडा गॅलरीतून खाली भिरकावला. तो जमिनीवर पोचण्याआधीच कावळ्याने घेतला.

हे काम आईचं होतं. गावाहून आलं की ती भाकरीचा तुकडा घेऊन दारात उभी असायची. आई गेली तेव्हा विमानं बंद होती. शंतनूने ते सगळं फोनवर ऐकलं होतं.

“हे भारी आहे!” प्रिती म्हणाली. “काका, हे तुम्ही आधी कधी नाही केलंत.”

“आज पाव उरला होता,” वसंतराव म्हणाले.

शंतनूचे डोळे चुरचुरायला लागले. बोटाला लसूण होता.

इतक्यात शेजारच्या खोलीतून जाईबाई बाहेर आल्या. या जाईबाईंनी शंतनूचं ढुंगण धुतलं होतं आणि ते त्या चारचौघांत सांगतही असत. त्यांनी त्याला पाहिलं, तोंड उघडलं.

“जाईबाई, टुरिस्ट आहेत,” वसंतराव म्हणाले.

जाईबाईंनी शंतनूला वरपासून खालपर्यंत बघितलं. बुटांवर जरा जास्त वेळ थांबल्या.

“हां,” त्या म्हणाल्या. “दिसतत खरे.” आणि दार लावून घेतलं. त्या चाळीत दिवसाउजेडी कुणी दार लावत नसे.

खोलीत फार काही बदललं नव्हतं. देव्हारा, त्याच्या शेजारी आईचा फोटो, कोपऱ्यात पत्र्याचं कपाट. कपाटाशेजारी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक पांढरी खुर्ची होती, मधोमध भोक असलेली.

“काका, कमोड चेअर? गुडघे दुखतायत का?” प्रितीने विचारलं.

“माझे गुडघे ठणठणीत आहेत. नात येतेय उद्या. तिला खाली बसायची सवय नाही.” मग ते शंतनूकडे वळले. “साहेब कुठून आलात?”

साहेबाने घसा साफ केला. “रॉटरडॅम.”

“अरे वा! माझा मुलगा पण तिथेच असतो. उद्या सकाळी उतरतोय. उतरला की थेट इथे. आधी घरचा देव, मग बाकीचं जग. लहानपणापासून शिकवलंय त्याला.” त्यांनी एकेक पेला पुढे केला. “रोज साडेसातला फोन करतो. एक दिवस चुकवत नाही. आणि गंमत सांगतो, तिकडे पण आता ढोल-ताशाची प्रॅक्टिस सुरू झालीय. आपलं मंडळ खाली सुरू करतं ना, त्याच मिनिटाला तिकडे सुरू होते. जग किती जवळ आलंय!”

“सो ट्रू,” प्रिती म्हणाली.

अनुजा जमिनीकडे बघत होती. शंतनू देव्हाऱ्यासमोर उभा होता. त्याने हात जोडायला वर उचलले, पण उजव्या हातात मोबाइल होता आणि प्रिती त्याच्याकडेच बघत होती. हात अर्ध्यावर आले होते. त्याने फोटो काढला.

“काढा, काढा,” वसंतराव म्हणाले. “सगळे काढतात.”

मनवा पाणी प्यायली नव्हती. ती पेला फिरवून फिरवून बघत होती. रॉटरडॅममध्ये दर रविवारी मराठी शाळेत घालवलेल्या चार वर्षांचं चीज व्हायला तिने नेमकी हीच वेळ निवडली. पेल्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं ती बोट ठेवून वाचू लागली.

“चि... शं-त-नू... या-च्या... बा-र-शा-निमित्त.” तिने मान वर केली. “बाबा! तुझं नाव!”

प्रितीने हसून शंतनूकडे पाहिलं. वसंतरावांनीही पाहिलं. ते नुसते बघत राहिले, हातात स्टीलचा तांब्या धरून, जसा एखादा माणूस थांब्यावर बसची वाट बघतो. ती येईलच असं नाही, पण वेळ तिचीच आहे. शंतनूच्या जिभेवर शब्द होता. दोनच अक्षरांचा होता. तो म्हटला की सगळं सांगावं लागणार होतं : सिग्नल, टॉवर, अकरा संध्याकाळी, रिकाम्या बॅगा, आणि तेही प्रितीसमोर, जिच्या वहीत त्याने सही करून मान्य केलं होतं की आपल्याला या शहरातलं काही माहीत नाही.

त्याने पाण्याचा घोट घेतला.

“असतं, बाळा,” शेवटी वसंतरावच म्हणाले. “लालबागमध्ये दर दोन घरांमागे एक शंतनू.”

हे खोटं होतं. चाळीत तो एकटाच शंतनू होता. बाकी सगळे संतोष होते.

पुढचं वर येऊन गेलंच आहे, आणि ते झालेलं नाही असं आपलं ठरलंय. फक्त एवढंच की जिन्याच्या वळणावर मनवा थांबली.

“त्या काकांचा आवाज सेम आजोबांसारखा आहे.”

“हो,” अनुजा म्हणाली आणि शंतनूच्या पुढून भराभर उतरून गेली.

संध्याकाळी साडेसातला शंतनूने फोन लावला. बाल्कनीचं दार त्याने लावलं नाही. खालून ढोल सुरू झाले होते.

“हां, बोल,” वसंतराव म्हणाले.

“बाबा...”

“उद्या किती वाजता पोचताय?”

“दहापर्यंत.”

“या. मासे आणून ठेवतो. पोरीला काटा काढून देईन. एक मात्र आहे. भाकरतुकडा उद्या नाही हां. आल्या माणसावरून एकदाच ओवाळायचा असतो. पुन्हा ओवाळला तर लागत नाही, असं तुझी आई म्हणायची.”

“बाबा, मी सकाळी...”

“आज एक फॅमिली आली होती टुरिस्टांची. पोरगी काय सुंदर वाचते मराठी! तिच्या आईला सांगायचं राहिलं बघ. माणसं बरी होती.”

“परत येतील ती.”

“टुरिस्ट कसले परत येतात? एकदा बघून झालं की झालं.” फोनमध्ये ढोल वाजत होते, बाल्कनीतही वाजत होते, आणि दोन्हींमध्ये अर्ध्या सेकंदाचंही अंतर नव्हतं. “ठेवतो मी. तुमच्या तिकडे आवाज फार आहे.”

शंतनू बाल्कनीतून आत आला. मग खाली बसला. दारात तीन बॅगा ओळीने उभ्या होत्या. त्याने एकीच्या मुठीवरची पट्टी नखाने सोडवली आणि मनवाच्या पुस्तकात, जिथे होती त्या पानावर, ठेवून दिली.

मोबाइलवर प्रितीचा फॉर्म आला होता. आजच्या भेटीचा अभिप्राय द्या. दिल्याशिवाय पुढचा कार्यक्रम मिळणार नाही. गाइड : पाच तारे. ठिकाण : पाच तारे. यजमान : इथे तो थांबला, मग पाचच्या पुढे तारे आहेत का ते बघितलं. नव्हते. शेवटी ‘आपल्या सूचना वा विनंती’ असा एक चौकोन होता. त्यात त्याने शाळेत शिकवलेल्या अर्जाच्या भाषेत लिहिलं :

‘महोदय, दिनांक २२ जुलै रोजी पहाटे विमानतळावरून आम्हां तिघांना घेऊन निघालेली आपली गाडी कृपया परळ येथे नेण्यात येऊ नये. लालबाग नाक्यावरील सिग्नल सदर वेळी लाल ठेवण्यात यावा, गाडी डावीकडे वळवण्यात यावी व आम्हांस सामानासह दुसरा मजला, खोली क्रमांक सतरा येथे पोचते करण्यात यावे, ही नम्र विनंती. सामान भरलेले असेल. कळावे.’