कोहळा फोडल्यावर

माझा धाकटा भाऊ बसवंत कारवारकडच्या किनाऱ्यावर पोलिसात सब-इन्स्पेक्टर होता. हाताखाली एकच बोट, तीही बारमाही आजारी. परदेशी जहाज खोल पाण्यात थांबायचं आणि इथली एखादी लाँच जाऊन त्याच्यावरच्या पेट्या उतरवून आणायची. पूर्वी पेट्यांत चांदी असे, आता काडतुसं. कोणती लाँच मासळीशिवाय परतते, हे बसवंत बंदरावरच्या कोळणींकडून काढून घ्यायचा. पण नुसत्या खबरीने लाँच पकडता येत नाही. बोटीच्या इंजिनाच्या पंपाचा दांडा मोडला, तेव्हा त्याने तो इकडे शहरात, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या माझ्या शेडमध्ये पाठवला. सरकारी दुरुस्तीला तीन महिने लागले असते. माझ्या लेथवर दोन तासांचं काम.

ते मी आज-उद्या करत चार दिवस रखडवलं. आळस माझा, दुसरं काय!

शहाण्णवची खंडेनवमी आली. कामगारांना गावी जायचं म्हणून आम्ही आयुधपूजा आदल्या सकाळीच उरकली. लेथला हार घातला, दारात कोहळा फोडला. पूजा झालेल्या यंत्राला दशमीपर्यंत हात लावायचा नाही, ही आजोबांपासूनची रीत.

तासाभराने फोन वाजला.

"अण्णा, दांडा झाला का? उद्या लाँच येणार, पक्की खबर आहे. आज संध्याकाळच्या बसने घाल."

"अरे, आत्ताच पूजा झाली. कोहळासुद्धा फोडला."

तो ओरडला नाही. ओरडला असता तर मी हार काढला असता, देवाशपथ सांगतो.

"सरी, ठीक आहे अण्णा. पूजा मोडू नको. मी बघतो काहीतरी."

तोही आमच्याच घरातला ना!

नवमीला कोळ्यांच्या होड्या फुलं लेवून काठावर उभ्या होत्या आणि चौकीतल्या बंदुका पाटावर. समुद्र मोकळा. त्या हरामखोरांना आपले सण आपल्यापेक्षा पाठ! बसवंतने एका कोळ्याला विनवून होडी काढली, पाटावरची एक बंदूक उचलली आणि भरदुपारी निघाला. स्वतःची पूजा त्याने मोडली. माझी तेवढी राखली.

लाँचने होडीला सरळ धडक दिली. होडीवाला पोहत आला. बसवंत आला नाही.

संध्याकाळी कळलं तसा मी पीण्याला धावलो, हार ओरबाडून फेकला आणि लेथ सुरू केला. एक तास चाळीस मिनिटं लागली. साप गेल्यावर भुई धोपटण्यात माझा हात कोण धरणार?

दांडा घेऊन मीच गेलो. बोट पहिल्या झटक्यात सुरू झाली. "फर्स्ट क्लास काम, सर," तिथला हवालदार म्हणाला. दशमीला दुपारी तीच बोट बसवंतला घेऊन आली.

आमच्या बसवनगुडीच्या घरी त्याच्या बायकोने, वसुमतीने, एकच विचारलं, "अण्णा, किती वेळाचं काम होतं?"

मी दोन तास म्हणालो. वीस मिनिटं कमीच लागली, हे सांगायची हिंमत मला झाली नाही.