तिसरा पेला

नलिनीने लाकडी पेटीचं झाकण बोटभर उघडलं आणि चिमटीतला इवला नाकतोडा आत सोडला. सरड्याच्या पिल्लाने मानही वळवली नाही. करंगळीएवढं अंग, त्याहून लांब शेपूट. कातडी कालपेक्षा सैल दिसत होती. पुढ्यात बाटलीच्या झाकणात पाणी होतं, तेही तसंच होतं.

दोन दिवसांपूर्वी तिगावकडच्या बागेत संत्र्याचं आळं खोदताना गडी कवडूच्या कुदळीखाली सरड्याची अंडी आली होती. बाकीची चेंदली गेली. एकातून एवढं पिल्लू जिवंत निघालं, ते त्याने रुमालात गुंडाळून आणलं. नलिनीने संत्र्याची रिकामी पेटी घेतली, वरच्या झाकणाला मच्छरदाणीचं कापड ठोकलं, आत पानांची फांदी ठेवली. सरडा कसा जगवायचा हे तिला ठाऊक नव्हतं. ती शिकवायची त्या सौसरच्या शाळेतून आणलेल्या पुस्तकात लिहिलं होतं : ऊन हवं, बारीक किडे हवेत, स्वच्छ पाणी ठेवावं. म्हणून पेटी ओसरीत, सकाळच्या उन्हात होती. वडिलांच्या खाटेपासून हातभर अंतरावर.

पुंडलिकराव दिवसभर पेटीकडेच बघत. लकव्याने उजवी बाजू गेली होती, जीभ जड झाली होती. हृदय थकलं होतं, पाय सुजले होते. नागपूरच्या डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं. रजा घेऊन आल्यापासून खाटेजवळचा पितळी पेला नलिनी स्वतः भरायची, दुसऱ्या कुणाला भरू द्यायची नाही.

“पाणी,” ते म्हणाले. एवढा एकच शब्द स्पष्ट उरला होता.

“दोन पेले झाले. आता तिसरा चारला. डॉक्टरांनी तीनच सांगितले.”

त्यांनी डावा हात उचलून हवेत बोटं झटकली. एकदा, मग पुन्हा. ही खूण ती जन्मभर ओळखत होती. कॉलेजचा फॉर्म घेऊन समोर उभी राहिली तेव्हा हीच बोटं अशीच झटकली होती. जा, चालती हो.

तिने पेटीचं झाकण नीट बसवलं.

“संत्र्याला ताण देतात ना, बाबा? पाणी तोडल्याशिवाय बहार येत नाही.”

पायरीवर विळ्याला धार लावत बसलेला कवडू हसला आणि लगेच विळ्यावर वाकला. वाक्य मालकांचंच होतं. सातवीत नलिनी गणितात नापास झाली, त्या मे महिन्यात त्यांनी तिला दिवसभर माठाला हात लावू दिला नव्हता. ओसरीत येईल त्याला सांगत होते, “पोरीलेही ताण द्या लागते. मंग पाहा बहार.” लोक हसले होते. कवडूही त्यांत होता.

चारला तिने पेला त्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी तोंड बाजूला घेतलं, डाव्या हाताची बोटं पाण्यात बुडवली आणि झटकली. थेंब तिच्या पदरावर उडाले, काही मागच्या पेटीच्या जाळीवर.

“फेकायचं असेल तर मागू नका.”

तिने पेला नेऊन मोरीत ओतला. त्यानंतर त्यांनी पाणी मागितलं नाही. पेटीकडे मात्र बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गार पडले होते. मुकुंद, तिचा भाऊ, नागपूरहून आला. त्याने तुळशीच्या पानाने तोंडात पाणी घातलं, ते ओठाच्या कोपऱ्यातून गळ्यावर उतरलं. वच्छलाआत्याने पदराने ते टिपलं.

“शेवटचं पाणी कोनं पाजलं वं?”

“मी,” नलिनी म्हणाली.

तिसऱ्या दिवशी मुकुंद राख सावडायला गेला. नलिनीला पेटीची आठवण तेव्हा झाली. पिल्लू फांदीला चिकटून होतं, डोळे खोल गेलेले. झाकणातलं पाणी आटून तळाला आलं होतं. कवडू वाकून बघू लागला.

“अवं बाई, हा असा नाही पेत. झाकनात तोंड घालाले बकरी हाय का?”

त्याने लोट्यात बोटं बुडवली आणि जाळीवर झटकली. एकदा, मग पुन्हा. पानाच्या टोकाशी एक थेंब लोंबला. पिल्लाने हळूच मान उचलली. जीभ बाहेर आली, थेंब नाहीसा झाला.

“मालकाले माहीत होतं. रोपाइले झारीनं पाणी घातलं का म्हनत, थांबा बे, सरडे पाणी पेऊन राहिले. दहा मिनिटं कोनाले हलू देत नव्हते.” कवडू हसला. “आमाले पाणी प्याले कधी नाही थांबू देल्लं.”

नलिनी त्याच्या ओल्या बोटांकडे बघत होती. तिचा हात पदरावर गेला. पदर कोरडा होता, तरी ती तो पुसत राहिली.

“पुन्हा कर, कवडूभाऊ.”

त्याने बोटं झटकली. ती उघड्या खाटेच्या सुतळीवर बसली.

“आता रडू नका, बाई. डॉक्टरनं तीनच सांगतले होते. तुमचा काय कसूर?”

पिल्लू दुसऱ्या थेंबाकडे सरकलं.

“चार,” नलिनी म्हणाली. “चार पेले सांगितले होते. मी तीन देत होते.”