तारेचे उरलेले सुट्टे

मित्रांनो, मी एक जुने परदेशी नाणे आहे, आणि अडतीस वर्षे मी पालथे पडून होते. पालथे म्हणजे अगदी तोंड दाबून. माझ्या एका बाजूला राजाचा चेहरा, देशाचे नाव आणि साल आहे. तीच बाजू डिंकाने पुठ्ठ्याला चिकटवलेली होती. वर दिसत होता तो नुसता एक पक्षी. पुठ्ठा पत्र्याच्या डब्यात आणि डबा कपाटाच्या तळाशी. शेजारच्या अकरा नाण्यांचीही हीच गत, पण त्यांची नावाची बाजू तरी वर होती.

टांकसाळीत एका ठोशात माझा जन्म झाला. पुढची काही वर्षे मी एका बंदरात मजेत हिंडले. मासळीचा वास, ओले हात, बायकांचे बटवे, पोरांच्या मुठी. एका जागी दोन दिवस टिकणे मला ठाऊकच नव्हते.

त्या बंदराबाहेर एक मालवाहू बोट नांगर टाकून उभी होती. मालकाने हात वर केले होते. खलाशांना पगार नाही आणि किनाऱ्यावर उतरायची परवानगीही नाही. नऊ महिने ती माणसे समोरचे दिवे बघत तिथेच अडकली होती. एक भाजीवाली आपली होडी बोटीखाली आणायची. वरून दोरीला बांधून टोपली सोडायची, काय हवे ते खुणेने सांगायचे, असा व्यवहार.

त्यांच्यात इंजिनाला तेल घालणारा एक अबोल खलाशी होता. एके दिवशी दोन महिने रखडलेले पत्र त्याच्या हाती पडले. थोरला भाऊ अंथरुणाला खिळला होता, लगेच बोलावले होते. त्याने मनगटावरचे घड्याळ काढले आणि एका चिठ्ठीसह टोपलीत ठेवले. चिठ्ठीवर घरचा पत्ता होता आणि मजकूर होता, 'अडकलो आहे. सोडत नाहीत. दादाला सांभाळा.' घड्याळ विक आणि तार कर, असे त्याने भाजीवालीला हातवारे करून सांगितले. दुसऱ्या दिवशी टोपली वर आली. त्यात कांदे होते आणि मी होते. तारेचे पैसे देऊन उरलेले सुट्टे.

अखेर बोटीवरून सुटका होऊन तो घरी पोहोचला तेव्हा भावाला जाऊन चार महिने झाले होते. मी त्याच्या खिशात होते. दारात वहिनी उभी होती.

"आता कशाला आलात, भाऊजी?"

"कळवलं होतं, वहिनी," तो पुटपुटला.

दार लागले. त्याने दोन गल्ल्या सोडून खोली घेतली आणि पंप दुरुस्तीचे काम धरले. त्याच आठवड्यात त्याने पुठ्ठ्यावर शिसपेन्सिलीने काहीतरी लिहिले, त्यावर डिंक लावला आणि मला पालथे दाबले.

तो गेला, आणि डबा त्याच्या पुतणीकडे आला. ती शाळेत प्रयोगशाळा सहायिका. जेवणाच्या टेबलावर तिने झाकण उघडले. उजेडाने मी दिपून गेले.

"ताई, सोनाराकडे टाक," तिचा धाकटा भाऊ म्हणाला. "वितळवून वजनावर मिळेल ते मिळेल."

"त्या माणसाचं काही घरात नको मला," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"आधी काय आहे ते तरी कळू दे," पुतणी म्हणाली.

तिला नाण्यांतले ओ की ठो कळत नव्हते, पण मापे घ्यायची सवय होती. लोहचुंबक लावून पाहिला, पट्टीने रुंदी मोजली, भिंगातून एकेक अक्षर वहीत उतरवले. ग्रंथालयातल्या जाडजूड सूचीत आठवडाभर डोके घालून अकरा नाण्यांची नावे शोधली. उरले मी.

नाण्यांच्या दुकानातल्या बाई म्हणाल्या, "घासू मात्र नका हं. लिंबू, राख, पावडर काही नको. चकाकी येते आणि किंमत जाते. आणि हे पक्षीवालं? याची एका सालची फार थोडी निघाली होती. ते साल असेल तर घराची एक खोली वाढेल. नाहीतर चहा प्या."

हे ऐकल्यावर धाकट्याला कुठला धीर! घरी येताच त्याने स्क्रूड्रायव्हरचे टोक माझ्या कडेखाली घातले. चर्रकन ओरखडा उठला. पुतणीने पुठ्ठा ओढून घेतला.

"इतकी वर्षं थांबलंय ते. तुला एक दिवस थांबवत नाही?"

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत तिने ड्रॉपरने थेंबथेंब पाणी माझ्या कडेला सोडले. डिंक हळूहळू फुगला. दोन तासांनी मी सुटले. मित्रांनो, तो पहिला वारा तोंडाला लागला तेव्हा काय वाटले ते सांगता येणार नाही.

तिने साल वाचले. साधेच होते. तिने सुस्कारा सोडला. मग तिची नजर पुठ्ठ्यावरच्या ओल्या गोल डागाकडे गेली. शिसपेन्सिलीची अक्षरे शाबूत होती. 'घड्याळ विकून घरी तार केली. उरलेले सुट्टे. वहिनीने तरीही दार लावले. तिचेही बरोबर आहे.'

संध्याकाळी तिने पुठ्ठा आईपुढे ठेवला. आईने चष्मा लावला. एकदा वाचले, पुन्हा वाचले.

"तार?" ती म्हणाली. "कुठली तार? अगं, तार आलीच नाही आपल्याकडे."

धाकट्याने मान खाली घातली.

"म्हणजे जन्मभर ते समजत राहिले, की तार मिळूनही मी दार लावलं." तिने मला उचलून मुठीत धरले. "दोन गल्ल्यांवर राहत होते गं. भाजी आणायला मी त्याच रस्त्याने जायचे. आता कुणाच्या दाराशी जाऊन सांगू?"

मित्रांनो, तुमच्या घरी आमच्यासारखे कोणी डब्यात असेल, तर आम्हाला घासू नका, उचकटू नका आणि किंमत कळायच्या आत वितळवू नका. पण त्याआधी एक करा. डबा ज्याचा आहे ते माणूस हयात असेल, तर आजच त्याच्याकडे जा, डबा पुढ्यात ठेवा आणि विचारा, "हे तुमच्याकडे कसं आलं?"