पायथ्याची दोरी

मी एक जुनी बाज आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी मला खाट म्हणेल, कोणी बाजलं म्हणेल. ज्याला जे म्हणायचं असेल ते म्हणा, पण म्हणा काहीतरी, कारण कित्येक वर्षांत मला कोणी हाकच मारलेली नाही. वाशीमच्या वेशीबाहेर मिशनची मुलींची शाळा आहे. तिच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत मला भिंतीला टेकवून उभं केलं आहे. माणसाला उभं राहण्यात मोठेपणा वाटत असेल. बाजेला मात्र ती शिक्षाच. माझ्या एका पायावर कोणाची तरी मोडकी छत्री लटकते आहे. मध्यंतरी एका कोंबडीनं माझ्या आडोशाला अंडी घातली होती. तेवढे दिवस बरे गेले.

मोठ्या दुष्काळात ज्यांचं कोणी उरलं नाही अशा मुलींना मिशननं या शाळेत आणलं. त्याच्या दुसऱ्या वर्षी माझा जन्म झाला. वसतिगृहातल्या आजारी मुलींसाठी एक चांगली बाज हवी होती, म्हणून मनकर्णाबाईंनी गावातल्या उस्मान सुताराला बोलावलं. या मनकर्णाबाई म्हणजे वसतिगृहाच्या सर्वेसर्वा. तरुणपणीच विधवा झालेल्या, बोलायला फटकळ आणि करायला मऊ. त्यांनी बाभळीचं लाकूड ठोकून ठोकून पाहिलं आणि माझे दोन्ही लांब दांडे पुढेमागे हातभर जास्त ठेवायला सांगितले.

"काहून वो बाई?" उस्माननं विचारलं. "बाज करून राह्यलो का डोली?"

"दोनी कर," बाई म्हणाल्या. "पोरगी लय बिमार झाली तं चौघांनी उचलून दवाखान्यात नेता आली पाह्यजे. बैलगाडीच्या हिसक्यानं अर्धा जीव तं रस्त्यातच जाते."

उस्मान हसला, पण दांडे लांब ठेवले. अंबाडीची दोरी मुलींनीच वळली. ओसरीवर बसून गाणी म्हणत त्यांनी मला विणलं. कोणाचा हात घट्ट, कोणाचा सैल, त्यामुळे माझी वीण कधीच एकसारखी दिसली नाही. मला त्याचं काही वाटत नसे. इतक्या जणींचे हात लागलेली बाज पंचक्रोशीत दुसरी नव्हती.

तुम्ही बाजेवर निजला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, वापरून वापरून ती मधे खोलगट होते. तिला झोळ पडतो. म्हणून पायथ्याशी एक वेगळी दोरी असते. ती ओढून बांधली की सगळी वीण पुन्हा ताठ होते. मनकर्णाबाईंनी या दोरीचा एक नियमच करून टाकला होता. जी मुलगी बरी होऊन उठेल, तिनं आधी पायथ्याची दोरी ओढायची आणि मग वर्गात जायचं.

"मांगून येनारीले झोळात काहून निजवता?" त्या म्हणत.

यात त्यांची एक हुशारीही होती. दोरी ओढायचं बळ हातात आलं नसेल, तर पोरगी अजून बरी झालेली नाही, तिला आणखी एक दिवस पेज पाजायची, असा त्यांचा साधा हिशेब. गणिताच्या परीक्षेच्या दिवशी पोट धरून येणाऱ्या मुलीही त्यांना याच दोरीवर सापडत. "ओढ पाहू," म्हणायच्या. पोरगी सवयीनं जोरात ओढायची आणि पकडली जायची. मग आम्ही सगळ्या हसायचो. मीही करकरायचे, तेच माझं हसणं.

किती मुली माझ्यावर निजून गेल्या! गोवर, गालफुगी, हिवताप, पावसाळ्यातला खोकला. रडणाऱ्या आल्या आणि हसत गेल्या. तपासणीला आलेले साहेब आजाऱ्यांची खोली पाहून मान डोलावत. मिशनच्या बाजेवरून पोरगी उठूनच जाते, असं वाशीमच्या बाजारात बोलत. मला ते ऐकून फार बरं वाटायचं. स्तुती कोणाला नको असते?

या शाळेत रुख्मिणी नावाची मुलगी होती. तिचे वडील इंद्रभान हे अनसिंगचे शेतकरी. ते काही मिशनचे नव्हते. पण एकुलती लेक शिकली पाहिजे, या ध्यासानं त्यांनी तिला इथं ठेवलं होतं. भाऊबंदांनी नाकं मुरडली, त्यांनी लक्ष दिलं नाही. आणि लेकीनंही बापाची मान खाली जाऊ दिली नाही. वर्गात ती पहिली यायची, जिल्ह्यातल्या शाळांच्या परीक्षेतही तिचाच नंबर वर असायचा. तिची जिवाची मैत्रीण पंचफुला. ती पोरकी, वयानं थोडी मोठी आणि अंगानं दणकट. रुख्मिणीनं तिला गणितं समजावून द्यायची आणि तिनं रुख्मिणीची वेणी घालायची, असा दोघींचा व्यवहार होता.

मग मानमोडीची, म्हणजे त्या जीवघेण्या तापाची, साथ आली. घरंच्या घरं आडवी झाली. कोणाच्या घरी चूल पेटवायला माणूस उरलं नाही. तेव्हा शाळेतल्या धडधाकट मुली मोठ्या पातेल्यात ज्वारीची पेज शिजवायच्या आणि घरोघर पोचवायच्या. हे कोणाचं घर, ते कोणाचं, असं त्यांनी पाहिलं नाही. पहिल्या दिवसापासून रुख्मिणी त्यांच्यात होती. एका दुपारी ती रिकामी चरवी घेऊन परत आली आणि कोणाला काही न सांगता माझ्यावर येऊन पडली. तिच्या अंगातला ताप सगळ्यांच्या आधी मला कळला.

मनकर्णाबाईंनी तिच्यासाठी जिवाचं रान केलं. निरोप गेला तसे इंद्रभान गाडी जुंपून आले. त्यांनी लेकीच्या छातीची घरघर ऐकली, थोडा वेळ तिच्या पायांवर हात ठेवून बसले आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाई, आता तिले खाली घ्या."

मित्रांनो, आमच्याकडे जाणाऱ्या माणसाला बाजेवर जाऊ देत नाहीत. शेवटच्या घटकेला त्याला भुईवर उतरवतात. बाजेवर जीव गेला तर तो ना जमिनीचा ना आभाळाचा, अधांतरी राहतो असं मानतात. मनकर्णाबाईंना हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्याही याच मातीतल्या. पण त्यांनी मान हलवली.

"श्वास हाये तोवर मी तिले खाली नाही ठेवनार, भाऊ. खाली ठेवली म्हंजे आपनच तिले जा म्हनलं."

दिवस कलायच्या आधी रुख्मिणी गेली. माझ्यावरच गेली.

"माही लेक अधांतरी गेली, बाई," इंद्रभान एवढंच म्हणाले. लेकीची पत्र्याची पेटीसुद्धा त्यांनी नेली नाही.

त्यानंतर माझ्यावर कोणी निजलं नाही. आजारी मुली ओल्या भुईवर चटई टाकून पडू लागल्या, पण माझ्याकडे यायला तयार होईनात. त्यांना ओढून आणलं तर त्या भीतीनंच पांढऱ्या पडायच्या. त्या बाजेवर पोरगी गेली, ती जाळून टाका, असं गावातले लोक सांगू लागले. बाईंनी मला जाळलं नाही, पण भिंतीला उभं केलं. पायथ्याची दोरी रुख्मिणीच्या अंगाखाली जशी ढिली झाली होती, तशीच राहिली. तिच्या अंगाचा झोळ मी तसाच अंगावर वागवत होते. ती गेली याचं दुःख मलाही होतं, पण बाजेच्या दुःखाला कोण विचारतो? माझं लाकूड, माझी दोरी, सगळं धड होतं. तरी मी वाळीत पडले.

आणि मग मनकर्णाबाईंनाच मानमोडीनं गाठलं. दवाखान्याचे डॉक्टर रोग्यांच्या गर्दीतून निघू शकत नव्हते. बाईंना इकडेच आणा, पण गाडीत घालू नका, असा त्यांचा निरोप आला. पंचफुला तडक माझ्याकडे आली आणि तिनं मला दारातून ओढत बाहेर काढलं.

"त्या बाजेवर नोको वो, पंचफुले!" मुली रडू लागल्या.

"मंग दुसरी कोनती हाये?" ती ओरडली.

बाईंना माझ्यावर ठेवलं. शाळेचा चौकीदार धरमसिंग पुढे झाला. ज्यानं मला घडवलं तो उस्मान, आता केस पिकलेला, धावत आला. दांड्याचं तिसरं टोक पंचफुलानं धरलं. चौथ्याला माणूस मिळेना. रस्त्यावरून जाणारे माझ्याकडे पाहायचे आणि चार हात लांबून निघून जायचे.

तेवढ्यात फाटकातून इंद्रभान आत आले. लेकीची पेटी न्यायला ते अनसिंगहून आले होते. मला पाहून ते जागीच थांबले.

"हेच का थे बाज?"

"हो काका," पंचफुला म्हणाली. "आन बाई हायेत तिच्यावर. तुमाले राग असन, मले मालूम हाये. पन चौथं मानूस भेटून नाही राह्यलं."

इंद्रभानांनी खांद्यावरच्या उपरण्याची घडी केली, ती दांड्याखाली धरली आणि वाकले. मित्रांनो, त्यांनी मला उचललं तेव्हा मला काय वाटलं, ते मी अजून नीट सांगू शकत नाही.

सरकीच्या गोदामापाशी पोचलो तेव्हा बाईंचा श्वास अडखळू लागला. घशात घरघर सुरू झाली. धरमसिंगचे पाय थांबले.

"बाईचं काही खरं नाही," तो म्हणाला. "खाली ठेवा. भुई लागू द्या तिच्या पाठीले. नाही तं पुन्हा तेच होईन."

पंचफुला ओठ चावत इंद्रभानांकडे पाहू लागली. त्यांच्या खांद्यावरचा माझा दांडा थरथरत होता. ते रडत होते, हे मला कळत होतं. बाकीच्यांना त्यांचा चेहरा दिसत नव्हता. जे त्यांनी स्वतःच्या लेकीसाठी मागितलं आणि त्यांना मिळालं नाही, ते द्यायचं की नाही, हे आता त्यांच्या हातात होतं.

"नाही," ते म्हणाले. "चाला. श्वास हाये तोवर खाली नाही ठेवाची."

शब्द मनकर्णाबाईंचे होते. माझ्याच उशाशी उभं राहून त्या ते बोलल्या होत्या. मग कोणी थांबलं नाही. दवाखान्याच्या पायऱ्या चढून गेल्यावरच त्यांनी मला टेकवलं.

बाई वाचल्या. पण हे पुढे कळलं. त्या दिवशी आम्ही रिकामेच परत आलो. अंगणात मला ठेवताना इंद्रभानांचं लक्ष माझ्या झोळाकडे गेलं.

"इतकी ढिली काहून हाये थे?"

"जे बरी होते थे दोरी ओढते, काका," पंचफुला म्हणाली. "बाईचा नेम हाये. पन रुखमीची राह्यली."

इंद्रभान माझ्या पायथ्याशी बसले. त्यांनी दोरी सोडली, हाताला गुंडाळली, माझ्या दांड्याला पाय लावला आणि ओढली. विणीचा एक एक पेड करकरत ताठ झाला. शेतात राबलेल्या हातांनी मारलेली ती गाठ होती. रुख्मिणीच्या अंगाचा झोळ भरून निघाला.

"रुखमीच्या वाटची," ते म्हणाले. पेटी खांद्यावर घेतली आणि निघून गेले. पुन्हा ते कधी आले नाहीत.

पुष्कळ दिवसांनी बाई काठी टेकत परत आल्या. आपली दोरी ओढायला म्हणून आधी माझ्याकडेच वळल्या, पण ती ताठ होती.

"कोनं ओढली?"

"रुखमीच्या बापानं," पंचफुलानं सांगितलं.

बाई माझ्या काठावर बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. तोवर त्यांना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्यांनी ती गाठ सोडली नाही. आपली दोरी त्यांनी ओढलीच नाही.

पुढच्या वर्षी साथीतल्या सेवेबद्दल शाळेला चांदीची ढाल मिळाली. सगळ्यांचा फोटो निघाला. त्यात मी नाही, उस्मान नाही, इंद्रभानही नाहीत. त्याच कौतुकात कोणीतरी लोखंडी पलंग भेट दिले आणि माझी रवानगी या खोलीत झाली. मनकर्णाबाई थकल्यावर अकोल्याला भाच्याकडे गेल्या आणि तिकडेच वारल्या. पंचफुला शिकून नर्स झाली, लांबच्या इस्पितळात मोठ्या पदाला चढली. तिचं नाव शाळेच्या फळ्यावर रंगवलं आहे म्हणतात. एकदा ती मला पाहायला आली होती. बराच वेळ पायथ्याशी बसली, गाठीवरून हात फिरवला आणि गेली.

ती ढाल पुढच्या दालनात काचेमागे आहे. तिला रोज पुसतात. मला त्याचा हेवा नाही. मुलींना लोखंडी पलंगावर सुख मिळत असेल तर चांगलंच आहे. पण मित्रांनो, पलंगाला दोरी नसते. बरी झालेली मुलगी उठते आणि मागं न बघता निघून जाते. मागून येणारीला आपण काहीतरी द्यायचं असतं, हे तिला कोण सांगणार?

यंदा ओल फार आली आणि इंद्रभानांची ती गाठ अखेर सुटली. मला पुन्हा झोळ पडला आहे. कधी खडू नाही तर झाडू शोधायला या खोलीत आलात, तर ती छत्री बाजूला करा आणि माझ्या पायथ्याशी जरा बसा. मनकर्णाबाईंच्या वाटची दोरी अजून ओढायची राहिली आहे. तेवढी ओढून जा.