रिकाम्या वाटीतला साखरेचा दाणा

मी एक वाटी बोलतेय. वाटी म्हटल्यावर वरणभात, तूप, फार तर श्रीखंड डोळ्यांसमोर आलं असेल, तर आधीच माफी मागते. मी ॲल्युमिनियमची आहे आणि शर्टाच्या बटणापेक्षाही लहान आहे. माझ्यात आजवर कुणी काही वाढलेलं नाही. वाढू नये, हीच माझ्या नोकरीची अट होती.

जळगावच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी कामाला होते. तिथे एक यंत्र आहे. त्याच्या पोटात दोन वाट्या शेजारी शेजारी बसतात. एकीत प्लॅस्टिकचा तुकडा असतो, दुसरी रिकामी. दोघींना सारखीच ऊब देत न्यायचं आणि भरलेलीला रिकामीपेक्षा किती जास्त उष्णता लागली ते बघायचं. तेवढी त्या प्लॅस्टिकची. यावरून त्याची उष्माधारकता कळते, ते कुठे वितळतं ते कळतं. तर ती दुसरी, रिकामी वाटी म्हणजे मी. पाच वर्षं मी काहीच केलं नाही आणि ते इतकं चोख केलं की माझ्याशिवाय यंत्राचं पान हलत नसे. काही न करण्याबद्दल एवढा मान साहेब लोकांनाच मिळतो असं मी ऐकून आहे.

शेजारीण मात्र रोज बदलायची. ती भरलेली येई, तापे आणि कचऱ्यात जाई. मी आपली तिथेच. त्यामुळे थोडी शिष्ट झाले होते, हे कबूल करते.

मध्यंतरी धुळ्याच्या एका कॉलेजात असंच यंत्र आलं, पण त्यांच्याकडे वाट्याच नव्हत्या. म्हणून आमच्याकडून उसन्या नव्या वाट्या गेल्या आणि तुलनेसाठी मी. पंधरा दिवस मी धुळ्याचा पाहुणचार घेतला. म्हणजे तिथेही रिकामीच बसले. निघायच्या दिवशी तिथल्या कोकिळाअक्कांनी मला डबीत भरायला घेतलं. प्रयोगशाळेची झाडलोट, भांडी धुणं, सगळं त्यांच्याकडे. त्यांनी मला तळहातावर घेतलं आणि डोळे बारीक केले.

"बाहुलीनी वाटी दिखस," त्या हसल्या. "पन भांडं ते भांडं. रिकामं परत देतस का कोठे?"

आणि त्यांनी चहाच्या डब्यातून साखरेचा एक दाणा काढून माझ्यात ठेवला. वर माझं इवलंसं झाकण लावलं.

खरं सांगू? मी फुगले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यात काहीतरी होतं. एस.टी.नं जळगावला येईपर्यंत मी त्या दाण्याला जपत होते. आपली नोकरीच मुळी रिकामं राहण्याची आहे, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. डोकं तरी कुठून येणार, आतून पोकळच ना मी!

परतले तेव्हा दीपमाला माझी वाटच बघत होती. ही रावेरकडची मुलगी, आमच्याकडे प्लॅस्टिकवर संशोधन करते. पण त्या दिवशीचा तुकडा संशोधनाचा नव्हता. तिचे वडील, जीवरामआबा, ठिबकच्या नव्या पाइपचा वीतभर तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून स्वतः घेऊन आले होते. गेल्या वर्षी पाइप भर उन्हाळ्यात तडकले आणि केळीची रोपं डोळ्यांदेखत वाळली. या वर्षी मृगबागेची, म्हणजे जूनच्या लागवडीची, रोपं रविवारी येणार होती, आणि आज शुक्रवार.

"मले फक्त येवढं सांग, पोरी," आबा म्हणाले, "हा पाइप उन्हात टिकीन का?"

"तापवून बघितल्याशिवाय नाही सांगता येत, आबा. भेसळ असेल तर लगेच कळेल. दुपारपर्यंत सांगते."

तिनं त्यांना समजावलंही. या प्लॅस्टिकचा काही भाग पेटीत रचलेल्या केळ्यांसारखा शिस्तीत असतो आणि बाकीचा नुसता गुंता. शिस्तीतला भाग एका ठरलेल्या तापमानाला वितळतो. भंगार मिसळलं असेल तर यंत्र चहाडी करतं. आबांनी मान डोलावली आणि रोपांसाठी खड्डे बघायला परत गेले.

दीपमालानं पाइपचा कण काटेकोर तोलला. मला मात्र तोललं नाही, उघडलंही नाही. रिकाम्या वाटीत काय बघायचं? तिच्या घाईत मला माझी प्रतिष्ठाच दिसली, काय सांगू!

यंत्र तापू लागलं. सव्वाशे अंशांच्या आसपास शेजारीण वितळली, अगदी शहाण्यासारखी. पडद्यावर सुरेख खळगा उमटला. दीपमालाचा चेहरा खुलला. मग एकशे ऐंशीच्या पुढे माझा दाणा वितळायला लागला. आता उष्णता मी पीत होते आणि यंत्राला ते ठाऊक नव्हतं. पडद्यावरची रेघ उलट्या दिशेला उसळली, जणू पाइपच आतून पेटतोय. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. चोर मी होते आणि चोराला बोलता येत नव्हतं.

दीपमालानं रेघेवरचा आकडा वहीत टिपला. मग तिनं फोन लावला.

"आबा, पाइप टाकू नका. त्यात काहीतरी मिसळलंय."

 आबा पलीकडून एवढंच म्हणाले, "बरं. ट्रॅक्टरवर भरतो अन् दुकानात परत नेतो." त्या आवाजानं मला जेवढं पोळलं, तेवढं दोनशे अंशांनी पोळलं नव्हतं. रविवारी रोपं येणार आणि पाण्याची सोय नसणार, तीही माझ्या पोटातल्या एका दाण्यापायी!

यंत्र निवलं. दीपमालानं यंत्राचं झाकण उघडलं आणि थबकली. प्रयोगशाळेत जिलेबीचा वास पसरला होता. तिनं चिमट्यानं मला उचललं आणि माझं झाकण काढलं. माझ्या तळाशी तपकिरी डाग चकाकत होता. तिनं धुळ्याहून आलेली डबी पाहिली आणि ती कुणी भरली हे विचारायला थेट तिथल्या प्रयोगशाळेत फोन लावला. फोन कोकिळाअक्कांच्या हातात गेला.

"अक्का, या वाटीत काही ठेवलं होतं का तुम्ही?"

"हा, मीच टाका ना तो दाना!" कोकिळाअक्कांचा आवाज माझ्यापर्यंत खणखणीत आला. "एकच शे, जास्त नही. परतना भांडामा काहीतरी टाकनं पडस, माय. तुन्ही मायनी शिकाडं नही का तुले?"

दीपमाला हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. "शिकवलंय, अक्का," ती म्हणाली. "पण तोलायला मीच विसरले."

मग तिनं माझ्या जागी नवी रिकामी वाटी घेतली, ती आधी उघडून नीट तोलली आणि शेजारच्या वाटीत पाइपचा नवा कण घालून पुन्हा मोजलं. खळगा एकच उमटला, सव्वाशेच्या आसपास, बाकी रेघ सरळ. खात्रीसाठी तिसऱ्यांदा मोजलं. तरीही तेच. तोवर आबा ट्रॅक्टर घेऊन रावेरच्या रस्त्याला लागले होते.

"आबा, मागे फिरा! पाइपमध्ये भेसळ नाही. चूक वाटीची होती."

"कोन्ती वाटी?"

"रिकामी वाटी, आबा. तिच्यात साखर होती."

ट्रॅक्टरची धडधड थांबली. "मंग घासून घ्याची ना तिले आधी!" आबा ओरडले, आणि पहिल्यांदाच मोकळं हसले. पाइप शनिवारी शेतात पसरले गेले. रविवारी रोपं लागली. ती तगली, असं दीपमालाच्या बोलण्यातून कळतं.

डाग पडलेली वाटी तुलनेला चालत नाही, म्हणून माझी नोकरी गेली. माझ्या जागी आता ती नवी आहे, फार शिष्ट आहे असं ऐकते. मला दीपमालानं टाकलं नाही. तिच्या टेबलाच्या खणात टाचण्यांच्या शेजारी पडून असते.

जाता जाता एकच विनंती. कुणाची वस्तू परत करताना तिच्यात काही घातलंत, तर चिठ्ठी लिहा. पण घालणं सोडू नका. पाच वर्षं शिकलेल्या माणसांनी मला रोज हातात धरलं, आणि मी रिकामी आहे म्हणून त्यांना बरं वाटलं. मी रिकामी जाऊ नये असं वाटणाऱ्या कोकिळाअक्का एकट्याच. त्यांचा तो दाणा अजून माझ्या तळाला चिकटून आहे. दीपमालानं दोनदा घासून बघितलं. मी सोडला नाही.