लोटूच्या नावाची मूठ

पर्वत पाटियाच्या पुलाखाली आमच्या लोटूभाऊजींचं बॅनर लागलं, तेव्हा मी रिक्षात होते. छातीवर पदकांची रांग असलेला भाऊजींचा फोटो आणि त्याच्याहून मोठा आमच्या समाजमंडळाच्या प्रमुखाचा, ललितभाईचा. वर लिहिलेलं, 'सुरतनुं गौरव, ब्रिगेडियर एल. डी. बोरसे'. मी रिक्षावाल्याला म्हटलं, हे माझे सख्खे दीर. त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं, मांडीवरच्या भाजीच्या पिशवीकडे पाहिलं आणि म्हणाला, "हा बेन, हा." वेड्या माणसाला म्हणतात तसं. मेल्याला काय पुरावा द्यायचा?

आधीच सांगते, नाहीतर लोक म्हणतील वहिनी जळते. माणूस सत्काराच्या लायकीचाच. बर्फाखाली गाडले गेलेले जवान त्यांनी हातानं उकरून काढलेत. आसामात पूर आला तेव्हा गावंच्या गावं बोटीतून बाहेर काढली, आणि स्वतः शेवटच्या बोटीत बसले. पेपरात आलं होतं. माझ्या नवऱ्यानं, चिंधानं, ते कात्रण पाकिटात इतके दिवस ठेवलं की त्याचा चुरा झाला. चिंधा मोठा भाऊ. त्याचं सगळं आयुष्य लूमच्या खात्यात, कापडाच्या मागांवर गेलं, त्या खडखडाटात कान गेले. आता त्याच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. पण भावाचं नाव निघालं की त्याला बरोबर ऐकू येतं.

घोळ झाला तो तारखेचा. ललितभाईनं सत्कार ठेवला कानबाईच्या रविवारी. म्हणाला, त्या दिवशी सगळा खानदेशी माणूस सुट्टीवर असतो, हॉल भरेल. अरे बाबा, सुट्टीवर असतो तो कशासाठी? घरी बसून रोट खायला ना?

आमच्यात श्रावणातल्या त्या रविवारी कानबाई देवी बसवतात, आणि रोटाचे, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू घेताना घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ घेतात. दूध पिणारं पोर असलं तरी त्याची मूठ निघते. ते रोट घरातच बसून खायचे. परक्याला द्यायचे नाहीत, उंबऱ्याबाहेर न्यायचे नाहीत, तुकडा टाकायचा नाही. भाऊजी फौजेत गेले तेव्हापासून सासूबाई त्यांची मूठ काढत आल्या. श्रावणात त्यांना सुट्टी कधी मिळाली नाही. त्यांच्या वाटणीचं चिंधा खायचा, पोटाला तड लागेपर्यंत, कारण टाकता येत नाही. युद्धाच्या वेळी भाऊजींची महिनोन् महिने खबर नव्हती, शेजारणी काहीबाही बोलायच्या. त्या वर्षीही म्हातारीनं मूठ काढली. आधीची लेकरं जगली नाहीत म्हणून या दोघांची नावं चिंधा आणि लोटू ठेवलेली, देवाला हेवा वाटू नये अशी. असल्या बाईला मुठीचं काय मोल असेल ते मी तुम्हाला काय सांगू?

यंदा भाऊजी निवृत्त झाले आणि पुण्याला फ्लॅटमध्ये राहायला गेले. फोनवर स्वतःच्या तोंडानं म्हणाले, "माय, यंदा घरी येऊन रोट खाणार. पक्का." म्हातारी त्या दिवसापासून जमिनीवर नव्हती. नवागामच्या आमच्या गल्लीत एक दार सोडलं नाही तिनं. "यंदा लोटू येई. त्याना हातवर रोट ठेवसू मी." मला रात्रंदिवस तेच. मी चिडले सुद्धा एकदा. म्हटलं, माय, येतील हो, कान किटले माझे.

रविवारी सकाळी मी नैवेद्य करतेय तोच ललितभाईची गाडी दारात. म्हातारीला स्टेजवर बसवायचं म्हणे. वीरमाता. मी म्हटलं, त्यांचा उपास आहे, रोट खाऊनच सुटतो, बारापर्यंत सोडा. "बारा वागे छुट्टा, उषाबेन," म्हणाला. आमचाच माणूस, धुळ्याकडचा, पण हल्ली आमच्याशी गुजरातीत बोलतो.

हॉल खच्चून भरला होता. भाऊजी आले तेव्हा सगळे उठले, मीही उठले, आणि माझे डोळे भरले, खोटं कशाला बोलू. ताठ चालतात अजून. आल्या आल्या त्यांनी म्हातारीच्या पायावर डोकं ठेवलं, फोटोवाल्याला नीट मिळालं नाही म्हणून पुन्हा ठेवलं. मग भाषणं. ज्यानं उभ्या जन्मात बंदूक बघितली नाही तोही सीमेवर बोलला. शाल, पगडी, तलवार, सगळं झालं. बारा कधीच वाजून गेले.

शेवटी भाऊजी बोलले, हिंदीत. म्हणाले, मी जो काही आहे तो माझ्या आईच्या हातच्या भाकरीमुळे. जगात कुठंही असलो तरी ती चव विसरलो नाही. टाळ्यांचा नुसता कडकडाट. चिंधानं मला कोपरानं ढोसलं. त्याला एक शब्द कळला नव्हता, पण तो रडत होता.

मग कुणाला अक्कल सुचली देव जाणे, म्हातारीच्या हातात माइक दिला. म्हणे, माताजी, दोन शब्द. ती बिचारी उपाशी. तिनं माइककडे पाहिलं, लेकाकडे पाहिलं आणि म्हणाली, "लोटू, घर चाल बेटा. रोट थंडा व्हई ऱ्हायनात."

सगळा हॉल हसला. वाईट हसला असं नाही, कौतुकानं हसला, पण हसला. पोरांनी मोबाइल वर धरले. भाऊजीही हसले. माइक घेऊन म्हणाले, "देखिए, ब्रिगेडियर को भी ऑर्डर देनेवाला कोई है." पुन्हा टाळ्या. म्हातारी कावरीबावरी होऊन इकडेतिकडे बघत होती, आपलं काय चुकलं म्हणून. मला त्या क्षणी वाटलं, जावं वर आणि माइक फेकून द्यावा.

त्यानंतर पाहुण्यांचं जेवण हॉटेलात होतं. भाऊजी म्हणाले, "वहिनी, अर्ध्या तासात आलोच. यांचं मन मोडता येत नाही." माणूस शत्रूला मागं रेटतो आणि ललितभाईला नाही म्हणू शकत नाही. याला काय म्हणायचं ते तुम्ही म्हणा.

आम्ही घरी येऊन बसलो. पाट मांडला होता. म्हातारीनं पाण्याशिवाय तोंडात काही घेतलं नाही. मी म्हटलं, थोडं दूध घ्या. नाही. चिंधाही जेवला नाही. गल्लीत सगळ्यांची जेवणं होऊन झोपा झाल्या, बाया पुन्हा ओट्यावर येऊन बसल्या आणि मला विचारायला लागल्या, आले का साहेब? मला मान वर करायची चोरी झाली.

उन्हं उतरली तेव्हा गाड्या आल्या. पुढं ललितभाई, मागं फोटोवाला, मध्ये भाऊजी. म्हातारी भिंत धरत धरत दाराशी गेली. इतका उजळलेला चेहरा मी तिचा कधी पाहिला नव्हता. भाऊजी उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. पायात लेसवाले बूट होते. एकदा खाली वाकले, लेसला हात घातला, तेवढ्यात ललितभाई म्हणाला, "साहेब, फ्लाइट." भाऊजी सरळ झाले.

"वहिनी," ते मला म्हणाले, "रोट पॅक करून द्या ना. विमानात बसून निवांत खातो."

ललितभाईनं तर मिठाईचा रिकामा खोका पुढं धरला. तयारीच करून आला होता.

चिंधा मागून विचारत होता, "काय म्हनस तो? काय म्हनस?" मी त्याला सांगितलं नाही. कशी सांगणार ओरडून?

म्हातारी लेकाकडे बघत राहिली. मग तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "रोट उंबराना भाईर जात नही," ती हळू म्हणाली. "घरना मानसं आठे बशीसन खातस. तुम्हले उशीर व्हई ऱ्हायना. या तुम्ही."

आमची सासू कानबाईलासुद्धा अगं-तुगं करते. पोटच्या पोराला 'तुम्ही' म्हणताना मी तिला पहिल्यांदा ऐकलं. तो शब्द ती भाडं मागायला येणाऱ्या शेठला वापरते.

फोटोवाल्याला काही समजलं नाही. ललितभाईलाही नाही. भाऊजींना समजलं. त्यांचा चेहरा पार उतरला, "माय" एवढंच म्हणाले, आणि पाया पडायला वाकले. पण म्हातारी एक पाऊल मागं सरकली आणि तिनं दोन्ही हात जोडून त्यांना नमस्कार केला.