पंखा कोण फिरवणार

नेव्हिलच्या जुन्या विमानाला किल्लीबिल्ली नव्हती. एकाने आत बसायचं, दुसऱ्याने समोर उभं राहून हाताने पंखा फिरवायचा, तेव्हा कुठे ते इंजिन जागं व्हायचं. या गवताळ धावपट्टीवर पंख्यासाठी आजवर कुणी कुणाला नाही म्हटलं नव्हतं. आज सगळ्यांची वार्षिक विमानसहल, नदीपलीकडच्या क्लबात जेवण, आणि नेव्हिलला मात्र सगळ्यांनी तोंडावर नाही म्हणून सांगितलं.

"हे सगळं डेसचं कारस्थान," नेव्हिल गरजला.

"कारस्थान कसलं डोंबलाचं!" कोरल म्हणाली आणि तिने केकचा डबा आपल्या पिवळ्या विमानात कोंबला. "जीव नकोसा झालाय का रे तुला?"

डेस शांतपणे हातमोजे चढवत होता. "गेल्या महिन्यात वर गेल्यावर तू दगड झालास, नेव्हिल. पुढच्या सीटवरून मी विमानाचा दांडा धरला नसता, तर दोघंही गव्हात गाडले गेलो असतो."

"खोटारड्या! उन्हाने डोळे मिटले होते माझे. भित्रा तू, आणि डांगोरा माझ्या नावाचा!"

"डॉक्टरला दाखव. तो हो म्हणाला, तर रोज फिरवीन पंखा."

"खड्ड्यात गेला डॉक्टर! आज मी उडालो नाही, तर पुन्हा तुम्ही मला उडू द्याल होय? ओळखून आहे मी एकेकाला."

सगळे आपापल्या विमानांकडे वळले. मग नेव्हिलच्या डोक्यात तिडीक गेली. त्याने विमानाच्या शेपटीला दोर बांधून तो कुंपणाच्या खांबाला आवळला, चाकांपुढे लाकडी ठोकळे सरकवले, आणि स्वतःच पंख्याला झटके द्यायला लागला. दम लागला, खांदा भरून आला, पण मेलं एकदाचं इंजिन धडधडलं. तो कसाबसा आत चढला, पट्टा बांधला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं. ठोकळे तसेच, दोर तसाच. रागाच्या भरात एवढी साधी गोष्ट विसरला होता.

"ठोकळे काढा रे कुणीतरी!"

कुणी हललं नाही. पुन्हा उतरायचं, तर त्या दुखऱ्या गुडघ्याने परत चढणं होणार नव्हतं. एकेक विमान त्याच्यासमोरून निघालं. कोरलचं पिवळं विमान डोक्यावरून गेलं, तिने खाली बघितलंसुद्धा नाही. धूळ तोंडात गेली. 'जा हरामखोरांनो, जेवा पोटभर,' तो मनात म्हणाला आणि त्याला रडू यायला लागलं.

डेस एकटा मागे राहिला होता, लांब शेडच्या दाराशी.

"डेस! ये ना इकडे! ठोकळा काढ!"

डेस त्याच्या खांद्याशी उभा होता. "नेव्हिल. अरे नेव्हिल."

"कानात काय ओरडतोस? चालू इंजिनापाशी असं येतात का? अक्कल आहे का तुला?"

डेसचा चेहरा पांढराफटक पडला होता. "इंजिन मी मघाशीच बंद केलंय," तो म्हणाला. "बटणं बाहेरच्या बाजूलाच आहेत ना. तुझ्या डोळ्यांदेखत केलं. किती हाका मारल्या तुला, तू पुन्हा तसाच दगड."

नेव्हिलने समोर पाहिलं. पंखा थांबलेला होता. पलीकडच्या कुरणात मेंढ्या गवत तोडत होत्या, तेवढाही आवाज ऐकू येत होता. आकाशात एकही विमान नव्हतं.

डेसचा इतका राग त्याला उभ्या जन्मात आला नव्हता. मेला खोटं बोलला असता, तर परवडलं असतं.